भिंत गरम ठेवण्याची राष्ट्रीय रीत

रात्री अकरा वाजता उशाकडच्या भिंतीवर तळहात टेकवून बघा. पश्चिमेची असेल, तर नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखी लागेल. ऊन जाऊन चार तास झाले, तरी भिंत ते विसरलेली नाही. ही ऊब अशी आपोआप येत नाही महाराज. तिच्यामागे एक कायदा आहे, एक ब्युरो आहे, तीन-चार संहिता आहेत आणि चहा-बिस्किटांसकट झालेल्या कितीतरी बैठका आहेत. उद्या इमारतींच्या ऊर्जाबचतीची पुढची राष्ट्रीय संहिता लिहायचं काम तुमच्याच गळ्यात पडलं, तर नवखेपणाने ही ऊब घालवून बसाल. म्हणून आधीच थोडं समजावून ठेवतो.

मुख्य म्हणजे घाई करू नका. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि परदेशातली मंडळी उगाच बिथरली. अमेरिकेतल्या वातानुकूलन इंजिनिअरांनी १९७५ मध्ये इमारतींसाठी मानक काढलं, जर्मनीने १९७७ मध्ये भिंतीतून किती उष्णता जाऊ द्यायची याचा नियम केला, कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये स्वतःचा. आपण शांतपणे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन केला आणि २००७ मध्ये संहिता आणली. मधल्या काळात ब्युरोने फ्रिज-एसींवर तारे चिकटवायला घेतले होते. फ्रिजला तारे मिळाले. तो ज्या घरात उभा, त्या घराची मात्र अमावास्याच.

संहिता आली की ती ऐच्छिक ठेवा. २००७ ची तशीच होती. शाळेत ऐच्छिक विषयाच्या तासाला वर्गात किती पोरं असायची ते आठवा, म्हणजे या शब्दाची ताकद कळेल. शिवाय ती कोणाला लागू, याचा उंबरठा जरा उंच बांधा. सुरुवातीला ५०० किलोवॅट जोडभाराच्या, म्हणजे दिवे-यंत्रं सगळी मिळून एवढ्या विजेची जोडणी असलेल्या, व्यापारी इमारती धरल्या होत्या. २०१० मध्ये कोणीतरी उत्साहाच्या भरात तो १०० वर आणला. तरी घरं बाहेरच होती, हे चांगलं. घरांसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ निघाली खरी. थंड प्रदेश सोडून बाकी देशात भिंती-खिडक्यांतून आत झिरपणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवी, असं ती म्हणते. पण मोठ्या निवासी इमारतींपर्यंत खुद्द कायद्याचा हात पोचायला २०२२ ची दुरुस्ती लागली. तोवर उपनगरांतले टॉवर बांधून, विकून, पागडीच्या घरातली माणसं त्यांत राहायला येऊनही झाली होती.

अंमलबजावणीची चिंता तर तुम्ही करूच नका. संहिता दिल्लीने लिहायची, राज्याने आपल्या हवामानाप्रमाणे फेरफार करून राजपत्रात घालायची आणि ती पाळली का, हे नगरपालिकेच्या नगररचना खात्यात बसलेल्या माणसाने बघायचं. त्याच्या टेबलावर पार्किंग, जिना, अग्निशमन आणि सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) यांच्या फायली छातीपर्यंत आलेल्या असतात. त्यावर तुम्ही काचेचा सौर उष्णता गुणांक ठेवा. तो त्या कागदाकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि शिक्का मारेल. त्याचीही चूक नाही. सामासिक अंतर टेप लावून मोजता येतं. गुणांकाला टेप कुठून लावणार?

हा गुणांक फार गुणी आहे, त्याच्यापाशी थोडं थांबू. २०१७ च्या सुधारित संहितेनुसार आपल्याकडच्या उष्ण हवामानात उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेचा गुणांक साधारणपणे ०.२७ च्या वर जाऊ नये. म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेतला फार तर सत्तावीस टक्के भाग आत. आता गंमत अशी की ०.२७ ची काच आणि ०.५० ची काच, दोन्ही निळसर, दोन्ही चकचकीत, दोन्हींत आपला चेहरा सारखाच दमलेला दिसतो. टेंडरमध्ये एक काच लिहायची आणि साइटवर दुसरी उतरवायची, तर इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. मजला वाढवला तर रस्त्यावरून दिसतो. छतावरचं इन्सुलेशन गाळलं तर? वर कोबा, खाली गिलावा. दोघेही पोटात गोष्ट ठेवणारे.

आणि काच असावीच. उजेड येतो. मी ज्या ऑफिसात बसतो, तिथे पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. दुपारी दोनला त्या बाजूचे सगळे पडदे ओढलेले असतात, आत सगळे दिवे लागलेले असतात, एसी अठरावर असतो आणि आमच्या जोशीबाई खांद्यावर शाल घेऊन बसतात. पडद्याची एखादी पट्टी तुटलेली आहे, तेवढ्यातून उजेड येतो. तिथे कोणी बसत नाही.

यातूनही एखादा आर्किटेक्ट अडलाच, तर त्याच्यासाठी काल्पनिक इमारतीची सोय ठेवा. म्हणजे असं: कॉम्प्युटरवर तुमच्याच आकाराची एक इमारत उभी करायची, जिने संहितेतलं कलम न् कलम पाळलंय. मग तुमची खरी इमारत वर्षभरात तिच्यापेक्षा जास्त वीज खाणार नाही एवढं दाखवायचं. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, जगभर चालते. पण शेजारच्या हुशार मुलाशी तुलना होत लहानाचे मोठे झालेले आपण. आकडे कुठे नरम घ्यायचे हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ऑफिसात माणसं किती, दिवे किती तास, खिडकीवर छज्जा केवढा. छज्जा मॉडेलमध्ये असतो. इमारतीवर नसतो, कारण एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, बिघडतं.

आमिषही दाखवा. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्याला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी, मिळतो. वीज वाचवल्याचं बक्षीस म्हणून वर आणखी बांधायचं, आणि त्या वरच्या घरांनाही पश्चिम असतेच.

एवढं करूनही संहितेने चुकून खरंच काम करायला घेतलं, तर घाबरू नका, नाव बदला. २०१७ मध्ये साधी, प्लस आणि सुपर अशा तीन पायऱ्या केल्या, थाळीसारख्या. २०२२ नंतर नावात ‘शाश्वत’ आलं. नाव बदललं की प्रशिक्षण नव्याने, कार्यशाळा नव्याने, आणि राज्यांनी राजपत्रात घालायचं कामही नव्याने.

बिलाचं विचाराल, तर ते मुळीच मधे आणू नका. काच कोणती, भिंत किती जाड, हे ठरवणारा माणूस चावी देऊन गेला की परत येत नाही. बिल येतं ते मीटरवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये जलतरण तलाव असतो, देवघराची जागा असते, भिंतीचा आकडा नसतो. आणि आपणही विचारत नाही. मी स्वतः फ्लॅट घेताना स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या कोणत्या कंपनीच्या हे दोनदा विचारलं. बेडरूमची भिंत ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओतलेलं सहा इंची काँक्रीट आहे, हे एप्रिलमध्ये कळलं, पाठीला.

तुमची संहिता होईल तेव्हा होईल. तोवर पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा. आमच्या विंगमध्ये पश्चिमेच्या बाजूला सगळ्यांनी ओढलाय. मधल्या फटीत आता इस्त्रीचं टेबल बरोबर बसतं.