'ॲक्सेसिबल आहे' म्हणजे नक्की काय आहे?

ईबुकच्या पानावर लेखक, पानसंख्या, फाइलचा आकार, सगळं असतं. ते ॲक्सेसिबल आहे का, म्हणजे अंध वाचकाला स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचता येईल का, हे मात्र बहुतेकदा पैसे मोजून, उघडून बघितल्यावर कळतं. गणिताच्या पुस्तकात समीकरणं चित्रं म्हणून चिकटवली असतील तर स्क्रीन रीडर दर वेळी 'इमेज' म्हणून पुढे सरकतो. तीच मॅथएमएलमध्ये (गणित लिहायच्या संगणकीय भाषेत) असतील तर अंश, छेद, घात सगळं वाचून दाखवता येतं. विकत घेताना दोन्ही पुस्तकं सारखीच दिसतात!

बरं, सोय नाही असंही नाही. वेबवरची माहिती नोंदवायचे सामाईक शब्द ठरवणाऱ्या स्कीमा डॉट ऑर्गने २०१३ मध्येच यासाठीच्या नोंदी (मेटाडेटा, म्हणजे पुस्तकाविषयीची माहिती) स्वीकारल्या आणि ईपब या ईबुकच्या प्रचलित फॉरमॅटमध्ये त्याच वापरतात. त्यात पुढे भर पडलेली, मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे 'ॲक्सेस मोड' आणि 'ॲक्सेस मोड सफिशंट'. आशय मुळात कोणकोणत्या रूपात आहे, ते पहिली सांगते. तो समजायला काय पुरेसं आहे, ते दुसरी. समजा, पुस्तकात आकृत्या भरपूर आहेत, पण प्रत्येकीचं नीट वर्णन दिलंय. मग पहिलीत मजकूर आणि दृश्य दोन्ही येणार, दुसरीत नुसता मजकूर लिहिला तरी चालतं. अंध वाचकाला हवी असलेली माहिती त्या दुसऱ्या नोंदीत आहे, आणि नेमकी तीच भरायचा लोक कंटाळा करतात.

माझा राग आहे तो 'पूर्णपणे ॲक्सेसिबल' या शिक्क्यावर. कोणासाठी? कॅप्शन असलेला व्हिडिओ कर्णबधिर माणसाला पुरेल. पडद्यावर काय घडतंय ते कोणी बोलून सांगत नसेल तर अंध माणसाला तो अर्धाच. त्यापेक्षा 'आलेखांना वर्णन नाही, बाकी मजकूर व्यवस्थित वाचता येतो' असं सरळ लिहा ना. आलेख नसले तरी ज्याचं अडत नाही, तो घेईल. ज्याचं अडतं, त्याचे पैसे वाचतील.

धोक्याची नोंद तर रिकामी ठेवूच नये. लुकलुकणाऱ्या दृश्यांनी काहींना फिट येऊ शकते. तपासलं नसेल तर 'माहीत नाही' असं नोंदवायची मुभा आहे. न तपासता 'धोका नाही' लिहिणं हा निव्वळ खोटेपणा झाला. (तसाच दुसरा नमुना: मेटाडेटात 'पर्यायी मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) आहे' आणि आत प्रत्येक चित्राला 'इमेज०१२'. साचा एकदा बनवायचा आणि सगळ्या पुस्तकांना डकवायचा, दुसरं काय!)

युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यात ईबुकच्या ॲक्सेसिबिलिटीची माहिती मेटाडेटातून द्यायची अट आहे. चांगलंच आहे. पण प्रकाशकाने मेहनतीने भरलेल्या नोंदी फाइलच्या पोटातच राहिल्या तर वाचकाला काय उपयोग? दुकानांनी आणि ग्रंथालयांनी त्या किमतीशेजारी, साध्या भाषेत दाखवायला हव्यात. शोधताना भाषेचा फिल्टर असतो, किमतीचा असतो. 'फक्त ऐकून वाचता येतील अशी पुस्तकं दाखवा' हाही तिथेच हवा.