दोन मिनिटांत सापडतं म्हणे!

प्रोग्रॅमिंगमध्ये नवखे लोक कुठे अडकतात यावर मागचा लेख होता. त्यावर ‘सेमीकोलन’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिच्या खालीच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळंच टाकतो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देतो. (पायथन आणि जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, व्हिम हा मजकूर लिहायचा एडिटर, फ्लोट म्हणजे संगणकात साठवलेली दशांश संख्या आणि डबल हा तिचाच जास्त बारकाईचा प्रकार.) सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको.

“काका, हे सगळं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ०.१ आणि ०.२ची बेरीज, पायथनची डिफॉल्ट लिस्ट, व्हिममधून बाहेर कसं पडायचं, तेच ते. ज्याला प्रश्न पडेल त्याला उत्तर दोन मिनिटांत शोधून सापडतं, लेख कशाला? शिवाय जावातली १२७ची मर्यादा ‘पक्की’ आहे असं लिहिलंय, ती सेटिंगने वाढवता येते. आणि दोन फ्लोटमधला फरक ०.००००१ पेक्षा कमी असेल तर ते सारखे धरा, हा सल्ला तर धोकादायक आहे. मोठ्या संख्यांमध्ये शेजारच्या दोन डबलमधलं अंतरच त्याहून जास्त असतं, आणि फार लहान संख्या असतील तर सगळंच सारखं ठरेल. असो. चालू द्या.”

सेमीकोलनराव (किंवा ताई, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही), आधी त्या ‘काका’बद्दल. मला काका म्हणवून घ्यायला अडचण नाही, वय झालंच आहे. पण सुरुवात ‘काका’ने आणि शेवट ‘असो, चालू द्या’ने करायचा, याला वाद घालणं म्हणत नाहीत. चिमटा काढून पळणं म्हणतात. तुमच्याकडे मुद्दे होते की! ते नुसते मांडले असते तरी मी वाचले असते. मी चिडलेलो नाही, हे आधीच सांगतो. आणि त्या प्रतिक्रियेला ज्यांनी अंगठे दिले आहेत त्यांनाही माझा नमस्कार. त्यातले दोघं-तिघं त्या मागच्याच लेखाखाली ‘खूप उपयोगी’ असं लिहून गेले होते.

आता ते वाक्य. ‘ज्याला प्रश्न पडेल त्याला उत्तर दोन मिनिटांत सापडतं.’ यातलं ‘ज्याला प्रश्न पडेल’ किती सहज लिहून गेलात! अहो, घोडं तिथेच तर पेंड खातं. उत्तरं पायलीला पन्नास पडलेली आहेत. नेमकं काय विचारायचं हे ज्याला कळलं त्याचं बरंचसं काम झालेलं असतं. ज्याला ते कळलेलं नाही, त्याच्यासाठी मी लिहितो.

व्हिमचंच घ्या, कारण तो तुम्ही हसण्यावारी नेलात. नवखा माणूस व्हिममध्ये स्वतःच्या पायाने जात नाही. तो गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या साधनात, कॉमिट करतो (बदलांची नोंद करतो), सोबतचा मेसेज द्यायचा राहून जातो, आणि गिट त्याच्यापुढे एक एडिटर उघडून ठेवतं. दुसरं काही ठरवून दिलेलं नसेल तर बहुतेक वेळा तो व्हीआय (व्हिमचा पूर्वज) किंवा व्हिम असतो. डावीकडे एकाखाली एक ‘~’ चिन्हं. टाइप करायला जावं तर अक्षरं उमटायच्या ऐवजी भलतंच काही होतं. आता हा गडी शोधणार काय? ‘व्हिम’ हे नावच त्याने ऐकलेलं नाही. त्याच्या लेखी गिट अडकलंय, म्हणून तो ‘गिट अडकलं’ असं शोधतो, शेवटी वैतागून टर्मिनलची खिडकीच बंद करतो, आणि कॉमिट झालं की नाही या शंकेत दिवस काढतो. एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर, एवढंच उत्तर आहे. हल्लीच्या व्हिममध्ये कंट्रोल-सी दाबलं तर बाहेर पडायची कमांड खालच्या ओळीत लिहून येते. १९९१ साली पहिल्यांदा बाहेर आलेल्या एडिटरला दारावर ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी पाटी लावावी लागते, आणि तुम्ही मला विचारता लेख कशाला!

दुसरं उदाहरण माझ्या नोकरीतलं देतो. ‘कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात’ हे तुम्ही ज्या थाटात लिहिलंय त्यावरून तुम्हाला कॉलेज सोडून फार दिवस झाले नसावेत असा माझा कयास आहे. चूक असेल तर सांगा.

मी पूर्वी जिथे होतो तिथे पायथनमध्ये लिहिलेली, ग्राहकांना रिपोर्ट काढून देणारी एक सर्व्हिस होती. तक्रार अशी: सकाळी सगळं ठीक, दुपारनंतर एकाच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याच्या ओळी. सर्व्हर रीस्टार्ट केला की पुन्हा ठीक. सांगा, काय टाइप कराल शोधायला? आमच्या टीमने कॅश तपासला, सेशन तपासले, डेटाबेसच्या क्वेरीत एखादी अट सुटलीय का पाहिलं. कुणीतरी लोड बॅलन्सरवर (अनेक सर्व्हरमध्ये काम वाटून देणाऱ्या यंत्रणेवर) संशय घेतला, कारण लोड बॅलन्सरवर संशय घेतला की काम दुसऱ्या टीमच्या गळ्यात पडतं. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. प्रोग्रॅमच्या मते काही चुकतच नव्हतं.

शेवटी मीच ते फंक्शन उघडून बसलो. ओळी गोळा करणारं साधं फंक्शन. त्याला लिस्ट दिली तर त्याने तिच्यात भर घालायची, नाही दिली तर डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट घ्यायची. वाचणाऱ्याला वाटतं, दर वेळी नवी कोरी लिस्ट मिळेल. पायथन तसं करत नाही. डिफॉल्ट किंमत फंक्शनची व्याख्या होते तेव्हा एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच लिस्ट हातात येते. पहिल्या ग्राहकाच्या ओळी तिच्यात तशाच राहतात, दुसऱ्याच्या त्यांच्या खाली जाऊन बसतात, आणि प्रोसेस जिवंत असेपर्यंत हे चालू राहतं. म्हणून सकाळी ठीक आणि म्हणून रीस्टार्टनंतर ठीक. दुरुस्ती म्हणाल तर डिफॉल्टला ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवायचं आणि आत ते तपासून नवी लिस्ट करायची, संपलं.

ज्याने ते लिहिलं होतं तो हुशार मुलगा होता. हा नियम त्याने कुठेतरी वाचलाही असेल. पण ‘म्यूटेबल डिफॉल्ट आर्ग्युमेंट’ (बदलू शकणारी डिफॉल्ट किंमत) हे शब्द शोधायला आधी दुखणं तिथे आहे हे ठाऊक असावं लागतं, आणि ते ठाऊक झाल्यावर शोधायचं उरतंच काय? तुम्हाला हे पहिल्या वर्षाला शिकवलं असेल तर आनंद आहे. आमच्या त्या टीममध्येही सगळ्यांकडे डिग्री होती.

तारखांचं तर विचारूच नका. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत, तारीख बनवताना वर्ष २०२३, महिना १ आणि दिवस ३१ असं दिलं तर ३१ जानेवारी मिळत नाही, ३ मार्च मिळतो. महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून १ म्हणजे फेब्रुवारी. फेब्रुवारीला त्या वर्षी २८ दिवस, मग वरचे तीन दिवस मुकाट्याने मार्चमध्ये ढकलले जातात. दिवस मात्र एकपासून मोजायचे. हा प्रकार आधी सी भाषेतल्या तारीख-वेळ साठवणाऱ्या स्ट्रक्चरमध्येही होता, तिथेही महिना ० ते ११ आणि दिवस १ ते ३१. आता तारीख चुकली की जो तो सांगतो, टाइमझोन बघ. मग तो बिचारा दोन मिनिटं नव्हे, दोन दिवस टाइमझोन बघत बसतो. उत्तर सापडतं, हो, पण दुसऱ्याच प्रश्नाचं.

मोठ्या आयडींचंही तेच. जावास्क्रिप्टचा साधा नंबर म्हणजे डबल, आणि त्यात २चा ५३वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतचेच सगळे पूर्णांक बिनचूक बसतात. सर्व्हरने याच्या लगेच पुढचा, शेवटी ९९३ असलेला आयडी नंबर म्हणून पाठवला की ब्राउझरमध्ये त्याचा ९९२ होतो. पडद्यावर दिसतं काय, तर ‘रेकॉर्ड सापडलं नाही’. माणूस डेटाबेस धुंडाळतो. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचे आयडी मोठे करायला घेतले तेव्हा याच कारणासाठी जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या मजकुरी साच्यात) तोच आयडी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनही द्यायला सुरुवात केली. त्यांच्यातही कुणी कॉलेजचं पहिलं वर्ष पाहिलं नव्हतं असं म्हणायचं का?

आणि ती बेरीज, जिला तुम्ही ‘तेच ते’ म्हणता. दोन मिनिटांत सापडणारं उत्तर मला पाठ आहे: फ्लोट अंदाजे असतो, त्याच्यावर विसंबू नका. बरं. मग ०.१ आणि ०.१ मिळवले तर ०.२शी तंतोतंत तुलना का जमते? अंदाजे आहे ना? त्याचं उत्तर त्या दोन मिनिटांत येत नाही.

०.१ला बायनरीत अंत नाही, ००११ ००११ असा क्रम कायम चालू राहतो. डबलमध्ये, म्हणजे १९८५च्या आयट्रिपलई ७५४ या मानकाप्रमाणे, ५३ महत्त्वाचे बिट मिळतात. तिथे तोडून जवळच्या किमतीवर न्यावं लागतं, म्हणून साठवलेला ०.१ खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. ०.२ म्हणजे त्याची नेमकी दुप्पट. दुप्पट करताना फक्त घातांक बदलतो, बिट तेच राहतात, म्हणून ०.१ दोनदा मिळवला की हिशोब चोख जुळतो. ०.३ मात्र खऱ्यापेक्षा किंचित लहान साठवला जातो. इकडे दोन किंचित मोठ्यांची बेरीज, तिकडे किंचित लहान संख्या. बेरीज गोल होऊन त्या ०.३च्या लगेच पुढच्या डबलवर जाते आणि छापून येतं ०.३०००००००००००००००४. यात यंत्राची लहर कुठेच नाही, पुन्हा केलंत तरी हेच येणार. ०.५ आणि ०.२५ घेतलेत तर काहीच चुकत नाही, दोन्ही बायनरीत पूर्ण बसतात.

‘विसंबू नका’ एवढंच वाचून गेलेल्या लोकांचा कोड मी रिव्ह्यूला पाहिलेला आहे. ओळीओळीला राउंड! बेरीज केली, राउंड. गुणाकार केला, राउंड. मधल्या पायरीला राउंड करून चूक स्वतःच्या हाताने वाढवतात आणि मग म्हणतात, फ्लोट भरवशाचा नाही. हे लोक शोधायला आळशी नव्हते. त्यांना दोन मिनिटांत सापडलं होतं, म्हणूनच ही पाळी आली. तुम्ही त्यातले नसाल अशी आशा करतो.

जावाचं म्हणाल तर ‘पक्की’ हा शब्द मी काढतो, तेवढं तुमचं बरोबर. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर ऑब्जेक्ट आधीच करून ठेवलेले असतात, म्हणून आपोआप बॉक्स झालेले (साध्या आकड्याचे ऑब्जेक्ट झालेले) दोन १२७ ‘==’ला सारखे वाटतात आणि दोन १२८ वाटत नाहीत. वरची मर्यादा जेव्हीएमच्या (जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगने वाढवता येते. खालची येत नाही, हे मात्र तुम्हीही लिहिलं नाहीत. आणि मी दिलेला सल्ला, ‘==’ऐवजी किमती ताडून बघणारं ‘इक्वल्स’ वापरा, त्यात याने तसूभर फरक पडत नाही. सेटिंग वाढवून ‘==’ चालवून घेणारा कुणी भेटला तर मला त्याच्या कोडपासून लांब ठेवा.

राहता राहिलं ते ०.००००१. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही, पण ‘धोकादायक’? लेख नवख्यांसाठी होता, उपग्रह सोडणाऱ्यांसाठी नव्हता. सापेक्ष फरक, म्हणजे संख्यांच्या आकाराच्या मानाने फरक, बघावा लागतो हे मलाही कळतं. पायथनमध्ये २०१५च्या ३.५ आवृत्तीपासून मॅथ मॉड्यूलमध्ये ‘आयएसक्लोज’ त्यासाठीच आहे. आणि इतकं खोलात जायचं तर शून्याशी तुलना करताना निव्वळ सापेक्ष फरकही कामाला येत नाही, तिथे वेगळी मर्यादा हाताने द्यावी लागते. ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो कधी लिहायचा ते मी ठरवेन.

जावाची ओळ आज दुरुस्त केली आहे. ०.००००१ची ओळ सध्या आहे तशीच राहील.