व्हय म्हाराजा

टर्मिनल, म्हणजे मशिनला लिहून कमांड द्यायची काळी खिडकी, उघडलं की एक डॉलरचं चिन्ह दिसतं आणि शेजारी कर्सर लुकलुकत असतो. माणसाचं एवढ्यावर भागायला हवं. 1989 साली बॅश, म्हणजे त्या कमांड वाचून पार पाडणारा प्रोग्रॅम, आला, तेव्हापासून जगातली कितीतरी गंभीर कामं याच डॉलरसमोर बसून झाली. पण कोरी भिंत दिसली की खिळा ठोकावासा वाटतोच, आणि पीएस-वन नावाचं व्हेरिएबल म्हणजे त्या भिंतीत आधीच पाडून ठेवलेलं भोक.

पीएस-वनमध्ये जे लिहाल ते प्रॉम्प्ट म्हणून, म्हणजे ‘आता कमांड लिहा’ या खुणेसाठी, डॉलरच्या जागी दिसतं. उलटी तिरकी रेघ आणि यू लिहिलं की तुमचं नाव, एच लिहिलं की मशिनचं नाव, डब्ल्यू लिहिलं की तुम्ही कुठल्या फोल्डरात आहात ते. दूरदूरच्या सर्व्हरवर एकाच वेळी लॉगिन केलेल्यांना हे लागतं, कबूल. आपण कुठल्या मशिनवरची फाइल उडवतोय हे उडवण्याआधी कळलेलं बरं. पण देवगड तालुक्यातल्या एका माडीवर, बाहेर पाऊस कोसळत असताना, एकुलत्या एका लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला तो कोण आहे हे दर ओळीला सांगून काय साधतं? तरी मी ते ठेवलंय. हिरव्या रंगात.

रंगांची तऱ्हा आणखी वेगळी. लाल हवा तर एस्केप, चौकोनी कंस, 31 आणि एम. हिरव्याला 32. काम झालं की 0 लिहून रंग बंद करायचा, नाहीतर पुढे जे टाइप कराल तेही लालेलाल. या खुणा 1978 च्या व्हीटी-100 या टर्मिनलमुळे सगळीकडे रुळल्या, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःला रंग दाखवताच येत नव्हते! बरं, नुसता रंग लिहून सुटका नाही. त्या खुणेभोवती आणखी एक कंसांची जोडी घालावी लागते, म्हणजे ‘ही अक्षरं मोजू नकोस’ हे बॅशला कळतं. ती जोडी नसेल तर लांबलचक कमांड खालच्या ओळीवर उतरायची सोडून त्याच ओळीच्या सुरुवातीला येते आणि आपलं लिहिलेलं आपल्याच लिहिण्याखाली गाडलं जातं.

घरात हे चाललेलं असताना खाली गणपतीआधीची रंगकामाची चर्चा सुरू होती. काकांच्या हातात रंगवाल्याचं शेडकार्ड आणि माझ्या पडद्यावर टर्मिनलचा 256 रंगांचा तक्ता: 16 मूळचे, 216 मिसळून केलेले आणि उरलेले 24 करडे. काका जिना चढून आले, बराच वेळ माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, “झिला, पाटी काळीच ठेवतलस आणि रंग कित्याक शोधतस?” याला उत्तर नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली.

मला खरी हौस होती ती डॉलर काढून तिथे मराठी काहीतरी लावायची. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतो आणि प्रत्येक मागणीला बाकीचे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मी काहीही मागावं आणि मशिननं आधीच होकार भरून ठेवावा, यापेक्षा चांगला प्रॉम्प्ट कुठला? पण टर्मिनल म्हणजे सारख्या आकाराच्या घरांचा तक्ता, एका घरात एक अक्षर, आणि हा हिशेब जोडाक्षरं नसलेल्या लोकांनी बसवलेला. पडद्यावर उमटलं ‘व् हय म् हाराजा’. दुसरं टर्मिनल टाकून पाहिलं, तिथे अक्षरं नीट जुळली, पण कर्सर लांब कुठेतरी जाऊन उभा. कान्याला किती घरं द्यायची यावरच या प्रोग्रॅमांचं एकमत नाही. कोणी एक देतो, कोणी शून्य.

तरीही आठवडाभर तो ठेवला. मजा यायची. कमांड चुकली की मशिन आधी ‘अशी कमांड नाही’ म्हणायचं आणि लगेच खाली ‘व्हय म्हाराजा’. शेवटची कमांड फसली तर प्रॉम्प्ट लाल होईल अशीही सोय केली होती, त्यामुळे होकार संतापाने दिल्यासारखा वाटायचा. एकदा आरएम लिहून एक जुना फोल्डर उडवला, तेव्हा मात्र अंगावर काटा आला. देव निदान विचार करायला वेळ घेतो.

मग आयकॉनवाले प्रॉम्प्ट आले. त्यांना खास फॉन्ट लागतात, नाहीतर बाणांच्या आणि फांद्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट उतरवायला रेंज लागते, आणि रेंज आमच्याकडे काजूच्या झाडाखाली असते. त्याविषयी अधिक लिहीत नाही. एवढंच सांगतो की या सगळ्या साजातली एकच गोष्ट कोकणात खरी कामाची आहे: उजव्या कडेला दिसणारी बॅटरीची टक्केवारी. पावसाळ्यात लाईट गेली की बाकीचे रंग कोणी बघत नाही.

काकांनी मात्र माझ्या तक्त्यातला एक फिकट, शेवाळी हिरवा नक्की केला. त्याखाली आकडा होता 108. शेडकार्डात तसला रंग नव्हता, म्हणून त्यांनी तिथूनच रंगवाल्याला फोन लावला.

“नंबर लिहून घे. 108.”

“काकानू, बरे आसात मा?” पलीकडून घाबरलेला आवाज आला. “108 ची अँब्युलन्स आसता.”

काकांनी फोन माझ्या हातात दिला. मी समजावून सांगितलं की हा लॅपटॉपमधला नंबर आहे, खरा रंग म्हणजे लाल 135, हिरवा 175 आणि निळा 135.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हंजे तीन डबे आणू?”