सोपाऱ्याचा शिलालेख आणि ठाण्याचं रिकामं दालन

"ठाण्याला वेगळं वस्तुसंग्रहालय कशाला? लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरायचं, काळा घोड्याला सगळं आहे," मंगेश म्हणाला आणि ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर वाद पेटला.

सगळं तिथे आहे, हेच मला खुपतं. सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, सापडलेले सम्राट अशोकाच्या आज्ञांचे दगडी तुकडे काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्यातला अवशेषांचा करंडक आणि मैत्रेयासह (भावी बुद्ध) आठ छोट्या कांस्य बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना १७८७ मध्ये शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट निघाला. तो किल्ला म्हणजे आजचं कारागृह. रोज रिक्षाने तिथून जाणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

"सोपारा आता पालघर जिल्ह्यात," नीताने अडवलं. "पहिला हक्क वसई-विरारचा."

तिचं म्हणणं रास्त आहे, आणि म्हणूनच मी मालकी मागत नाही. मुदतीवर उसनं मागतोय. वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर आली, आणि लोकांना दाखवली गेली ती आधी साताऱ्यात. लंडनहून साताऱ्याला वस्तू येते, तर फोर्टातून ठाण्याला, ठाण्याहून वसईला का फिरू नये?

देसाईकाका इतका वेळ गप्प होते. "उसनं देणारा आधी घर बघतो रे. आपल्याकडे खाडीची खारी, दमट हवा. कांस्याला हिरवट पूड धरली की ती आत खात जाते. कपाटातली आर्द्रता रात्रंदिवस एकसारखी राहिली पाहिजे, वीज गेली तरी. शिवाय विमा, पहारा, वस्तू निघताना नि पोचताना तिच्या प्रत्येक ओरखड्याची नोंद. हे करणार कोण?"

"मग दगडापासून सुरुवात करू, काका. शिलालेखाचा तुकडा बेसाल्टचा, धातूइतका नाजूक नाही. मूर्ती पुढे कधीतरी."

"दगड असला तरी राखणारा लागतोच ना?"

इथे मला उत्तर नव्हतं असं नाही, पण काकांचा मुद्दा माझ्यापेक्षा पक्का होता. आपल्याकडे आधी इमारत उभी राहते, मग कोनशिला बसते, आणि संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकाचं पद मात्र रिकामं राहतं. काचेमागे पिवळी पडलेली चिठ्ठी आणि बंद पडलेली ट्यूबलाइट, अशी दालनं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अशा ठिकाणी कोणी आपला ठेवा का धाडावा? मीही धाडणार नाही.

"मग ठाणे आणि वसई-विरार, दोन्ही महापालिकांनी मिळून पदं काढावीत," नीता म्हणाली. "एक अभिरक्षक, एक जतनतज्ज्ञ. नेमणूक झाली की दोन वर्षं मुंबईच्या संग्रहालयात कामाला पाठवायचे."

"दोन वर्षं नुसता पगार द्यायचा?" मंगेश उसळला.

"हो, दोन वर्षं. इमारतीचा नारळ त्यानंतर फोडा."

मंगेशला पटलं नाही. मी मात्र या मागणीच्या अर्जावर सही करायला तयार आहे.