पीटीचा तास गणिताला

आज संध्याकाळी लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. 'पोर्शन पूर्ण करण्यासाठी पुढील सूचना मिळेपर्यंत आठवीचे पीटीचे तास गणित व विज्ञानाला देण्यात येत आहेत. पालकांनी सहकार्य करावे.' आणि खाली पालकांचे अंगठे, जोडलेले हात. एकाने तर 'व्हेरी गुड डिसिजन मॅडम'. माझी फोडणी करपली वाचता वाचता.

आठवड्याला दोनच तास होते हो! त्यातलाही एखादा कुठल्या तरी दिनाच्या तयारीत जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वाढत्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. रोज! आपली पोरं सकाळी रिक्षात, मग बाकावर, मग क्लासच्या बाकावर, मग परत रिक्षात. घाम फुटतो तो गणिताच्या पेपरलाच.

आणि हे कुठे चाललंय, तर साताऱ्यात. आपल्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीहून कुस्तीचं पदक आणलं. मोहीची ललिता बाबर रिओला ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल पळाली. २०२३ ला आदिती स्वामी १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा तुम्हीच सगळे 'साताऱ्याची लेक' म्हणून स्टेटस ठेवत होतात ना? ती काय गणिताच्या जादा तासाला बसून नेम धरायला शिकली?

माझी आई औंधच्या शाळेत शिकली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले. आईच्या वेळेला संस्थानही नव्हतं आणि राजेही, पण तिच्या बाईंनी ती शिस्त मोडू दिली नव्हती. नमस्कार झाले की मैदानावर खो-खो. आई परकर खोचून खांबापाशी सूर मारायची. कोपरावरची खूण अजून दाखवते, आम्ही विचारलं नाही तरी.

मागच्या पावसाळ्यात ती परसदारी शेवाळावरून घसरली. वय ७४. उजवं मनगट मोडलं, हात प्लॅस्टरमध्ये. फिजिओथेरपीच्या मुलीनं तिला खुर्चीत बसवलं, म्हणाली, "आजी, हात न टेकता उठून दाखवा." आई उठली. परत बसली, परत उठली. मुलगी मोजत होती. आईनं मध्येच विचारलं, "अजून किती वेळ गं? घरी जाऊन कुकर लावायचाय." त्या मुलीनं आईची मांडी चाचपली आणि मला म्हणाली, "ताई, खुबा वाचला तो यांचे पाय असे आहेत म्हणून." शेजारच्या खुर्चीत माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्या दोन्ही हात टेकून, आई गं करत उठत होत्या.

मनगट मोडलं ते मोडलंच, म्हातारपण कुणाला चुकलंय. पण हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंतच जमते, पुढे नुसता खर्च. आणि ती जमते पळण्यानं, उड्या मारण्यानं. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, हे आपल्याला कधी कळतं? पंचेचाळिशीत डॉक्टरांनी गोळी लिहून दिल्यावर. मग आपण पहाटे अजिंक्यताऱ्यावर गर्दी करतो, मॅरेथॉनचा टी-शर्ट घालून डीपी ठेवतो. चांगलंच आहे की. मग पोरांनी काय घोडं मारलंय?

पोर्शन मागे पडतो, मान्य. शिक्षकांच्या गळ्यात नाही नाही ती कामं असतात, तेही मान्य. आमची बाईसाहेब पीटीच्या तासाला बऱ्याचदा झाडाखाली गप्पाच मारत बसते, हेही मला ठाऊक आहे. पण चार वेळा उठते, कुणाला तरी पकडायला पळते, लाल होऊन घरी येते. त्या दिवशी रात्री न सांगता झोपते आणि ताटातली भाकरीही न कुरकुरता खाते.

परवा आई तिला गॅलरीत खो-खोत पाटीवर कसं बसायचं ते दाखवत होती. एक पाय पुढे, नजर वर, खो मिळाला की सुटायचं. लेकीला मिनिटभरही बसवेना, मांड्या थरथरायला लागल्या. आई हसली नाही. "रोज जरा बस, जमेल," एवढंच म्हणाली. तेव्हापासून रात्री जेवणं आठच्या आत उरकून दोघी शतपावलीला जातात. मोबाईल घरी. मी काही बोलत नाही, बोलले की मोडेल.

हे लिहीपर्यंत ग्रुपवर एका बाबांनी उत्तर दिलंय, 'खेळाची हौस असेल तर संध्याकाळी कोचिंग लावा.' हौस! साहेब, तुमच्याकडे फी भरायला पैसे आहेत, ने-आण करायला गाडी आहे. याच वर्गात अशा मुली आहेत ज्या घरी गेल्या की धाकट्या भावाला सांभाळतात, भांडी घासतात. त्यांना संध्याकाळी मैदानावर कोण सोडणार आहे? त्यांच्या वाट्याला मैदान येतं ते त्या दोन तासांपुरतंच, आणि तेही तुम्ही अंगठा दाखवून काढून घेतलंत. वर सहकार्य.

उद्या साडेदहाला मी मुख्याध्यापिका बाईंना भेटायला जातेय. जादा तास घ्यायचा तर शनिवारी घ्या, डबा मी पोचवते म्हणून सांगणार आहे. आठवीच्या पालकांपैकी कोण येतंय ते मला फोन करून कळवा. इथे लाईक नकोत.