सागरी रस्ता रुंद नको, थांबण्याजोगा हवा

सोलापुरात सध्या कोकणच्या प्रवासाबद्दल दोन मतं हटकून ऐकू येतात. जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं, आता आठवडाभर गाडी कोण हाकतंय, हे एक. दुसरं असं की सागरी महामार्ग चौपदरी होऊ द्या, खाड्यांवर पूल होऊ द्या, मग रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत एका दमात जाऊ. पहिलं मत मला पटत नाही, कारण विमान गोव्यात उतरवतं, आचरा-मिठबावात नाही. दुसऱ्यातलं निम्मं पटतं.

मी कॅलिफोर्नियात आहे. इथे समुद्राकाठचा हायवे वन जगभर नावाजलेला आहे. त्याचा सर्वांत देखणा भाग, सॅन सिमिऑन ते कार्मेल, सुमारे दीडशे किलोमीटरचा आणि दुपदरी आहे. घाई असेल तो आतल्या बाजूच्या १०१ क्रमांकाच्या महामार्गावरून जातो. काठच्या रस्त्यावर मागे पाच गाड्या साचल्या की संथ गाडीने कडेच्या मोकळ्या जागेत सरकून वाट द्यायची, असा इथला कायदाच आहे, आणि त्यासाठी कडेला जागा ठेवलेल्या आहेत. दरडी तिथेही कोसळतात. मे २०१७ मध्ये मड क्रीकची दरड आली, तो रस्ता जुलै २०१८ मध्ये उघडला. पण रस्ता कुठून कुठपर्यंत बंद आहे, हे सरकारी नकाशावर घरबसल्या दिसतं.

मुंबई-गोवा महामार्ग हा आपला १०१ आहे. तो आधी पुरा व्हावा. सागरी रस्ता मात्र दुपदरीच राहू द्यावा आणि पैसा गाडी उभी करायच्या जागा, स्वच्छतागृहं आणि दरडींच्या सूचनांवर घालावा. चौथ्या पदरासाठी नारळ-पोफळीची वाडी तोडली, तर लोक जे बघायला येतात तेच जाईल. पुलांचं वेगळं आहे. कॅलिफोर्नियातल्या त्या काठावर वस्ती विरळ आहे. कोकणात खाडीच्या दोन्ही तीरांवर गावं आहेत आणि रात्री आजारी माणसाला फेरीबोट मिळत नाही. म्हणून पूल हवेतच.

पण पुलांची वाट बघत सहल पुढे ढकलायचं कारण नाही. आहे त्या रस्त्यावर सात दिवस छान जातात, फक्त रेवस ते रेडीचा हट्ट सोडावा. गणपतीपुळे ते वेंगुर्ला पुष्कळ झालं. काठच्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर धरा. नकाशा याहून कमी वेळ दाखवतो, कारण वळणं, गावातली अरुंद गल्ली आणि समोरून येणारी एसटी त्याच्या हिशेबात नसते.

पहिल्या दिवशी मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा गाव गाठा. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. रात्रीचा घाट उतरू नका, वरच मुक्काम करा. सकाळी उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. आपल्या सपाटीवरच्या चालकांची नेहमीची चूक म्हणजे ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरणं. ब्रेक तापतात आणि खालच्या वळणांवर पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. दुसरा आणि तिसरा मुक्काम गणपतीपुळ्याला. मधल्या दिवशी जयगडहून फेरीबोटीने गाडीसकट तवसाळला उतरून हेदवी, वेळणेश्वर करता येतं. शेवटची फेरी किती वाजता, हे जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालून यावं लागतं.

चौथा दिवस सर्वांत लांबचा: आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग आणि देवगडला मुक्काम. दीडशेच्या आसपास किलोमीटर, पण थांबे धरून पूर्ण दिवस जातो. टाकी रत्नागिरीतच भरून घ्या. पाचव्या दिवशी कुणकेश्वर, आचरा करत मालवण. सहाव्या दिवशी सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघा आणि दुपारी वेंगुर्ल्याकडे निघा. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात.

सगळ्यात उपयोगी पुस्तक घरातच आहे: सोलापुरातूनच निघणारं दाते पंचांग. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पुन्हा साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी. पोहणं आणि मुलांना वाळूत सोडणं याच हिशेबाने ठरवा. गाडी मात्र कोणत्याही तिथीला पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू वरून टणक दिसते, चाक रुतलं की ते जागीच फिरून आणखी खोल जातं, आणि तेवढ्यात भरती लागते. गर्दीही पंचांगातच दिसते: अंगारकीला गणपतीपुळे आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वर टाळा. दर्शनच हवं असेल तर खोली फार आधी ठरवा. कॅलिफोर्नियातल्या सरकारी उद्यानांतल्या तंबूच्या जागा सहा महिने आधी राखायला खुल्या होतात आणि झटकन संपतात. आपल्याकडे घरगुती खोलीसाठी महिनाभर आधी केलेला एक फोन पुरतो. नाताळचा आठवडा आणि मे महिना सोडून.

मे महिन्यात सोलापूरच्या उन्हातून पळून कोकणात जाणारे घामाने बेजार होतात. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की निघावं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते. शिदोरीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. खाऱ्या, दमट हवेत उघडी राहिलेली कडक भाकरी दुसऱ्याच दिवशी सादळते.

सातव्या दिवशी वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, आंबोली, आजरा, कोल्हापूर करत परत. चारशेच्या घरातलं अंतर, म्हणून पहाटे पाचला निघा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर सहाव्या रात्रीचा मुक्काम वेंगुर्ल्याऐवजी आंबोलीत हलवा. शेवटच्या दिवसाचे साठेक किलोमीटर आणि घाटाची चढण आदल्या दिवशीच उरकते. घरी आल्यावर दोन दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, विशेषतः चाकांच्या कमानी. मीठ तिथेच साचतं आणि पत्रा आतून खातं.