न्यूयॉर्कला हिशेबातलाच महापौर होता!

सकाळी तलावपाळीला चालताना आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले, "एकदा सीए महापौर करून बघा, ठाण्याची तिजोरी कशी ताळ्यावर येते!" मी मान डोलावून पुढे निघाले, पण डोक्यातून जाईचना. अहो, हा प्रयोग करून झालाय. न्यूयॉर्कमध्ये.

एब्राहम बीम. अकाउंटंट. आधी शहराचा बजेट डायरेक्टर, मग दोनदा कंट्रोलर, म्हणजे शहराचा मुख्य हिशेबनीस. १९७३ ची निवडणूक जिंकला ती 'याला पैशातलं कळतं' याच भांडवलावर. खुर्चीत बसून जेमतेम वर्ष झालं आणि १९७५ मध्ये बँकांनी हात वर केले, आता उधार बंद!

का? रोजचा खर्च भांडवली खात्यात, म्हणजे कायमच्या बांधकामांसाठीच्या खात्यात टाकायचा, कधी वसूल न होणारा कर 'येणे' म्हणून दाखवायचा आणि त्या येण्यावर अल्प मुदतीची कर्जं काढायची. वर्षानुवर्षं. त्यातली कितीतरी वर्षं वह्या या बीमच्याच टेबलावर होत्या.

माझे बाबा एका नगरपालिकेत लेखा विभागात होते. मार्चअखेर आला की ठेकेदारांची बिलं कपाटात जायची. साहेब म्हणायचे, "एप्रिलात काढू." अर्थसंकल्प शिलकीचा, पेपरात फोटो. बाबा त्या आठवड्यात घरी धड बोलायचे नाहीत. तेव्हा हिशेब येणारा माणूस आला की हिशेब सरळ होतो, हे मला कुणी सांगू नये. कुठलं बिल कुठल्या कपाटात लपतं, हे त्यालाच तर ठाऊक असतं!

आणि न्यूयॉर्कमध्ये भरपाई कोणी केली? हजारो पोलीस, शिक्षक, सफाई कामगार घरी बसले. सबवेचं तिकीट ३५ सेंटांचं ५० झालं. सिटी युनिव्हर्सिटीत पिढ्यान्‌पिढ्या पोरं फुकट शिकली, तिथे १९७६ पासून फी. १७ ऑक्टोबर १९७५ ला शहर दिवाळं काढायच्या बेतात असताना त्याला वाचवायला काढलेले रोखे घेतले ते शिक्षकांच्या पेन्शन फंडाने. म्हातारपणाची पुंजी!

एवढं लिहून झाल्यावर मात्र त्या ठेंगण्या बीमची थोडी दयाच आली. खड्डा काही त्याने एकट्याने खणला नव्हता. राज्याने नियंत्रण मंडळ बसवून किल्ल्या काढून घेतल्या, राष्ट्राध्यक्ष फोर्डनी आधी मदत नाकारली आणि महिन्याभरात कर्ज द्यायला तयार झाले. १९७७ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत बीम तिसरा. बाबांवर ऑडिटचे आक्षेप निघाले तेव्हा साहेब केव्हाच बदलून गेले होते. उत्तरं बाबांनी लिहिली, रात्र रात्र जागून.

हो, मान्य, आपल्याकडे महापौराच्या हातात फारसं नसतं, कारभार आयुक्तांचा. काकांचा हेतूही वाईट नाही. पण यापुढे डिग्री दाखवून माझ्याकडे मत मागायला येईल त्याला मी एवढंच विचारणार आहे, ३१ मार्चला ठेकेदारांची किती बिलं दाबून ठेवली होती, आणि त्यात सफाई कामगारांचा पगार किती होता?